घड्याळाला झालेली शिक्षा

४ मार्च

आज दुपारी घड्याळवालीनं घड्याळाच्या पोटातून डोकं बाहेर काढलं, नाकाला लागलेलं ग्रीस मनगटानं पुसता पुसता गालभर पसरवलं आणि म्हणाली, “अरे, याला वाजताच येत नाही.” सगळं बदललं ते त्या क्षणी. पुढंमागं कुणी विचारलं तर मी हाच क्षण सांगेन. (आमचं जुनं घड्याळ दुरुस्त करायला ती पहिल्यांदा हत्यारांची पेटी घेऊन संग्रहालयाच्या दारात उभी राहिली, तोही एक क्षण होता. पण तो कुणी विचारला तरी सांगणार नाही.)

मी म्हटलं, “इतक्या वर्षांत गंजलं असेल.”

“गंजलं नाही रे. सोयच नाही. हे बघ, वेळ दाखवायला चाकांची एक रांग लागते. ठोके द्यायला दुसरी. तिचं वजन वेगळं, दोर वेगळा, हातोडा वेगळा. याच्यात एकच रांग आहे. दुसरी कुणी काढून नेली म्हणावं, तर सांगाड्याला भोकं राहिली असती. एकही भोक नाही. हे जन्मात कधी आपलं आपण वाजलेलं नाही. घंटा वेगळी टांगलेली असणार, आणि खालून माणूस दोर ओढून ती वाजवत असणार.”

मी शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसलो. कारण या घड्याळावर खटला चालला तो आपलं आपण वाजल्याबद्दलच!

गोष्ट मी रोज दहादा सांगतो, मी इथला गाइड, माझं कामच ते. दीडशे वर्षांपूर्वी गावावर परक्यांचा अंमल होता. एके दुपारी शिपाई आले, तरण्या पोरांना धरून लांबच्या लढाईवर न्यायला. बाजाराला वेढा पडतोय तोच मनोऱ्यावरची घंटा भलत्याच वेळी वाजायला लागली, आणि वाजतच राहिली. शेतातल्या पोरांना काय समजायचं ते समजलं. सगळी रानात पसार झाली. शिपायांच्या हाती एक लागला नाही. न्यायाधीशानं विचारलं, घंटा कुणी वाजवली? अख्खं गाव एकामागून एक पुढं आलं आणि म्हणालं, कुणीच नाही साहेब, घड्याळाचं डोकं फिरलंय, आपलं आपणच वाजलं. शेवटी त्यानं घड्याळालाच आरोपी केलं. काटे उपटले, घंटेला चाबकाचे फटके मारले आणि घड्याळ कोठडीत टाकलं. ही इमारत तेव्हा तुरुंग होती, आता संग्रहालय आहे. निकाल दाराशी दगडात कोरलाय. आणि तेव्हापासून आमचं गाव म्हणजे मूर्खांचं गाव. कॉलेजात आमच्या सरांनी ‘जमावाचा अडाणीपणा’ शिकवताना हेच उदाहरण दिलं. वर्ग खो खो हसला. मी डस्टर भिरकावलं. सरांना लागलं नाही, पण माझं शिक्षण तिथंच संपलं.

आणि आज कळतंय की घंटा दोरानं वाजते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं! माहीत नव्हतं ते एकट्या न्यायाधीशाला. त्याच्या मुलखातली घड्याळं आपोआप वाजत, म्हणून त्याला ते पटलं. सगळं गाव त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललं. कुणा एकाला वाचवायला!

“कोण असेल तो?” मी विचारलं.

“किंवा ती,” घड्याळवाली म्हणाली. “ते आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांना तेच हवं होतं ना.”

तिनं मला बजावलंय की कुठं बोलायचं नाही. ती जुन्या वस्तू जपणाऱ्या ज्या कार्यशाळेतून आलीय, तिथले मोठे सर आठवड्याभरात येऊन बघतील, लिहून देतील. तोवर भोंग्याला पत्ता लागता कामा नये. (भोंगा म्हणजे आमचे संचालक. त्यांना कुजबुजता येत नाही, म्हणून हे नाव.) पंधरा तारखेला नव्या दालनाचं उद्घाटन आहे, आणि भोंग्याला घड्याळात मोटर आणि हातोडा बसवून ठोके पाडायचे आहेत. त्यासाठी सांगाड्याला भोकं पाडावी लागतील. मग दुसरी रांग कधी नव्हतीच हे कोण मानणार? तेल सुकायचंय, पिना यायच्यात, असं सांगून ती दिवस ढकलतेय.

“पण हे कळलं तर उलट तो थांबेल,” मी म्हटलं.

“खुळा आहेस. शहाण्यांचं गाव बघायला कोण येतं?”

मी शपथ घ्यायला हात पुढं केला. म्हणाली, “शपथ नको. तोंड मिट फक्त.”

५ मार्च

जेवताना वहिनी म्हणाली, “भावजी, भाजीत मीठ नाहीये आणि तुम्ही दुसऱ्यांदा घेताय. कोण आहे ती?”

दादा ताटातून वर न बघता म्हणाला, “कुणी का असेना. नोकरी टिकव म्हणजे झालं.”

जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगून टाकावं दोघांना की आपण ज्यांचे पणतू, ते मूर्ख नव्हते. ओठ आवळून गप्प बसलो. वहिनीला वाटलं मी लाजलो.

घड्याळवाली आज फोनवर बोलत होती. “हो रे, पंधराला निघते. तू आधी वेळेवर जेवत जा, नुसता चहा ढोसू नकोस.” भाऊ असणार. भावावर इतकी माया करणारी मुलगी आजकाल कुठं मिळते! हे वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, “भाऊ?” आणि पोळी उलटली. हिला प्रत्येक गोष्टीत संशय.

७ मार्च

भोंग्यानं नव्या दालनाची तालीम घेतली. काय पाहिलं ते लिहून ठेवतो.

मध्ये घड्याळ, त्याभोवती लोखंडी गज. समोर कागदाच्या लगद्याचा न्यायाधीश, ढेरपोट्या. भिंतीवर ओळीनं गावकऱ्यांची चित्रं, सगळ्यांचे जबडे उघडे, डोळे तिरळे. कळ दाबली की ध्वनिफितीतून घड्याळ रडक्या आवाजात म्हणणार, “माफ करा साहेब, चुकून वाजलो!” आणि प्रेक्षकांना घालायला गाढवाच्या कानांच्या पुठ्ठ्याच्या टोप्या. फोटो काढायला!

मला म्हणाला, “‘घंटेला फटके मारले’ इथं थांबायचं. लोकांना हसू द्यायचं. तू थांबतच नाहीस. आणि तोंड असं का करतोस, मयताला आल्यासारखं?”

“हसण्यासारखं काय आहे त्यात?”

“अरे बाबा, घंटेला चाबूक! हसू नको यायला?”

तिकीट खिडकीवरच्या मावशी मागून म्हणाल्या, “हस रे, दात दाखवायला काय जातं तुझं?” त्यांना काय माहीत! त्या याच गावच्या. त्यांचीही कुणी खापरपणजी त्या न्यायाधीशासमोर उभी राहिली असेल, चेहरा कोरा ठेवून. आणि आता तिची खापरपणती तिच्याच नावानं फिदीफिदी हसतेय. गुपित इतकं राखलं की स्वतःच विसरले! याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. कुणावर येतो ते कळत नाही.

घड्याळवाली कोपऱ्यात चाकं पुसत होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं. त्या एका नजरेवर मी महिनाभर गप्प बसेन.

९ मार्च

सांगून टाकलं.

आधी काय झालं ते लिहितो, म्हणजे कुणीही मला दोष देणार नाही. टोप्या तयार होऊन आल्या. टोपी कशी दिसते ते बघायला भोंग्यानं ती मावशींच्या डोक्यावर चढवली. त्या चहा पीत होत्या. एक हात बशीला, एक कपाला, त्यामुळं काढताही येईना. त्यांचं तोंड कसनुसं झालं, तरी हसल्या बिचाऱ्या. भोंगा म्हणाला, “बघा, आणि या तर अस्सल इथल्याच!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टोपी ओढून काढली, पायाखाली चिरडली आणि बोलत सुटलो. चाकांची एकच रांग, सांगाड्याला भोक नाही, दोर ओढणारं माणूस, मूर्ख गाव नव्हतं मूर्ख तो ढेरपोट्या होता, सगळं सगळं. बोलताना मला माझाच आवाज फार छान वाटला. मावशी कप तसाच धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे सगळ्यांनी मिळून?” आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढ्यासाठी तरी सांगायलाच हवं होतं!

आश्चर्य म्हणजे भोंगा चिडला नाही. शांत उभा राहिला. त्याला इतका शांत मी कधी पाहिलाच नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हुशार आहेस. कॉलेज उगाच सोडलंस.” मग सांगाड्यावरून बोट फिरवत म्हणाला, “खरंच की रे, एकही भोक नाही,” आणि माझ्यासाठी चहा मागवला. माणूस वाटतो तितका वाईट नाही. त्याला कुणी नीट समजावूनच सांगितलं नव्हतं.

घड्याळवाली पिना करून आणायला बाहेरगावी गेलीय, परवा येईल. तिला हे कधी एकदा सांगतो असं झालंय. आता मोठ्या सरांची वाटही बघायला नको. ती खूश होईल.

११ मार्च

हरामखोर. हरामखोर. हरामखोर.

काल सुट्टीच्या दिवशी पंखे दुरुस्त करणाऱ्याला बोलावून त्यानं मोटर बसवून घेतली. सांगाड्याला चार भोकं. मी सकाळी दार उघडलं तर फरशीवर लोखंडाचा चुरा, आणि तोही कुणी झाडला नव्हता. परक्यांनाही जे जमलं नाही ते एका ड्रिल मशीननं अर्ध्या दिवसात केलं!

मी भोंग्याच्या खोलीत घुसलो. तो म्हणाला, “बस. पुरावा पुरावा काय लावलंयस?” आणि कळ दाबली. बाहेर टण् झालं. “बघ. कोण म्हणतं याला वाजता येत नाही?” आणि हसला. एवढ्या जोरात की खिडकीची तावदानं हलली.

मी टेबलावर मूठ आपटली. पेनाचा स्टँड पडला, तो त्यानं उचलून पुन्हा जागेवर ठेवला. हेच मला सहन होत नाही. भांडायला आलेल्या माणसाशी भांडावं तरी!

दुपारी ती आली. हत्यारांची पेटी खाली ठेवली. चारी भोकांत एकेक करून बोट घालून पाहिलं, जसं आई पोराच्या जखमेला हात लावते तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “त्याला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “मी. पण खरं तेच सांगितलं! अन्याय होत होता. मावशींच्या डोक्यावर गाढवाची टोपी...”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “अख्ख्या गावानं मरेपर्यंत तोंड मिटलं. पोटच्या पोरांनाही सांगितलं नाही. तुला आठवडा जमला नाही.”

मग पेटी उघडून कामाला लागली.

मला सांगा, यात माझं काय चुकलं? भोकं मी पाडली? जो खरं बोलला त्यालाच शिक्षा, आणि ज्यानं पाडली त्याचं उद्घाटन! दादा म्हणतो उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणतो, ज्याला राग येत नाही तो माणूसच नव्हे. तिलाही हे कळेल. आज ना उद्या कळेल.

१३ मार्च

दोन दिवस ती माझ्याशी फक्त ‘पाना दे’ आणि ‘सरक’ एवढंच बोलली. मी राजीनामा मनात चार वेळा लिहिला, त्यातला तिसरा फार चांगला होता.

आज जेवणाच्या सुट्टीत तिनं मला मागच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. मी शर्टाची कॉलर नीट केली. तिनं कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावरचं पोतं बाजूला केलं.

आत पांढरे, जड, लादीसारखे तुकडे होते. प्लॅस्टरचे ठसे. सांगाड्याच्या चारी अंगांचे, स्क्रूच्या डोक्यावरच्या ओरखड्यासकट. आणि कुठंही भोक नाही.

“कधी घेतलेस?”

“पहिल्या दिवशी. तुला सांगायच्या आधी.”

“आधी?”

“तू ओरडणार हे धरूनच चालले होते. जरा लवकर ओरडलास, एवढंच.”

अपमान वाटावा की नाचावं हेच कळेना. दोन्ही एकदम झालं, बहुतेक तोंडही तसंच दिसलं असेल, कारण दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. मग एकदम गंभीर झाली. जुन्या वस्तूला परवानगीवाचून भोक पाडणं हा गुन्हा आहे. मोठे सर आता आले तर त्यांना भोकंच दिसणार. पण हे ठसे कार्यशाळेत पोचले तर गावाची गोष्ट खरी ठरेल, आणि भोंग्याची खुर्ची जाईल. त्यालाही ते समजतं. प्लॅस्टरची गोणी कुठं संपली असं त्यानं तिला दोनदा विचारलंय. संशय पक्का झाला तर तो एका हातोड्यात काम संपवेल.

“परवा उद्घाटनाच्या वेळी सगळे पुढच्या दालनात असतील. तेव्हा मी खोकं मागच्या फाटकातून नेते. गाडी यायचीय. तेवढा वेळ त्याला तिकडंच गुंतवून ठेव.”

“मी बघतो. असं भाषण ठोकतो की...”

“भाषण नको! हेच म्हणतेय मी. तो तुला डिवचेल, लोकांसमोर. तू चिडलास की तोंडातून सगळं सांडतं हे त्याला आता माहीत आहे.”

“मी एक शब्द बोलणार नाही.”

तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. “बघू,” म्हणाली. त्या नजरेत विश्वास नव्हता, पण तो ठेवण्यावाचून तिला इलाजही नव्हता. मी ती नजर जशीच्या तशी इथं लिहून ठेवतोय. मला चालेल.

१५ मार्च

दालन खचाखच भरलं होतं. प्रमुख पाहुण्या बाई मोठ्या हुद्द्यावरच्या, पुढच्या ओळीत शाळांचे मास्तर, बाजारातले दुकानदार, मागं दादा आणि वहिनी. निम्म्या लोकांनी टोप्या चढवल्याही होत्या. दुकानदार एकमेकांचे कान ओढत होते. मावशी खिडकी सोडून आत आल्या नाहीत.

मी गोष्ट सांगितली. भोंग्यानं शिकवली तशी, थांबायचं तिथं थांबून. लोक हसले. कळ दाबली, टण् टण् झालं, घड्याळ रडलं, लोक डोळे पुसून हसले. मी उभा होतो तिथून बाजूच्या खिडकीतून मागचं फाटक दिसत होतं. गाडी अजून आली नव्हती.

मग भोंगा माइक घेऊन पुढं आला. “मंडळी, एक गंमत सांगतो. हा आमचा गाइड. याचं म्हणणं, हे घड्याळ कधी वाजलंच नाही! आपले पूर्वज म्हणे महाशहाणे!” हशा. “सांग की रे सगळ्यांना. अस्सा पाय आपटत आला होता माझ्याकडं!” त्यानं माझी नक्कल केली. छान केली, मेल्यानं. दादा खाली बघायला लागला.

माइक माझ्या तोंडासमोर आला. “बोल. पुरावा काय?”

फाटकाशी गाडी आली होती. तिच्यासोबत एकजण होता. दोघांनी मिळून खोकं उचललं. फारच सांभाळून. खोकं गाडीत ठेवल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढून तिच्या गालावरचं प्लॅस्टर पुसलं, आणि तिनं पुसू दिलं. तिचा भाऊ तिच्यासारखा अजिबात दिसत नाही.

“अरे बोल! त्या दिवशी तर तोंड बंद होत नव्हतं.”

माझे कान तापले होते.  एक वाक्य पुरलं असतं. ‘पुरावा? तो बघा, मागच्या फाटकातून चाललाय!’ एका वाक्यात गाव शहाणं ठरलं असतं, भोंगा उघडा पडला असता, दादाची मान वर झाली असती, आणि तो रुमालवाला तिथंच थांबला असता. सगळं एका वाक्यात.

“पुरावा नाही साहेब,” मी म्हटलं.

“काय? मोठ्यानं!”

“पुरावा नाही.”

“आणि प्लॅस्टरची गोणी कुठं गेली रे? का तीही आपली आपण गेली?” तो हसत विचारत होता, पण डोळे हसत नव्हते. ते माझ्या तोंडावर खिळले होते, मी आता फुटणार याची वाट बघत.

“माहीत नाही.”

“मग घंटा कुणी वाजवली?”

गाडी सुरू होत नव्हती. एकदा गुरगुरली आणि बंद पडली. मी भोंग्याकडं बघितलं. चेहरा कोरा ठेवणं किती अवघड असतं ते मला आज कळलं. गालाचा एकेक स्नायू धरून ठेवावा लागतो.

“कुणीच नाही साहेब,” मी म्हटलं. “घड्याळाचं डोकं फिरलं असेल. आपलं आपणच वाजलं.”

अख्खं दालन फुटलं. पाहुण्या बाईंनाही हसू आवरेना. भोंग्यानं क्षणभर माझ्याकडं निरखून बघितलं, मग त्याचे खांदे सैल पडले. सुटला बिचारा. त्यानं टेबलावरची टोपी उचलली आणि माझ्या डोक्यावर बसवली. कान नीट उभे केले. “फोटो!” म्हणाला. मी फोटो काढू दिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आज मी उभ्या उभ्या खाल्ला. मास्तर हसत होते, दुकानदार हसत होते, दादा हसत नव्हता. वहिनी माझ्याकडं नाही, खिडकीकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

बाहेर गाडी सुरू झाली. रस्त्याला लागली. वळणावरून दिसेनाशी झाली. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, ते इथून दिसलं नाही.

मी टोपी काढली. ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढून टोपीत ठेवली आणि टोपी त्या लगद्याच्या न्यायाधीशाच्या मांडीवर ठेवली. भोंगा म्हणाला, “ए, कुठं? अजून दुसरा खेळ आहे!” लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मधल्या वाटेनं दारापर्यंत आलो. कुणालाच काही सांगितलं नाही. बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.